अर्धंच शिकवलं

शेंद्र्याच्या कारखान्यात मी अकरा वर्षं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, तपासत होतो. हातोडीनं हलकंच ठोकायचं आणि ऐकायचं. चांगलं असेल तर घुमतं, चीर गेली असेल तर बद्द वाजतं. मुख्य तपासनिसाची जागा साहेबांनी मला कबूल केली होती. ती दिली आपल्या भाच्याला. त्याला काम शिकवायचं माझ्याच गळ्यात मारलं आणि मग मला पॅकिंगला पाठवलं. मी बरं म्हणालो. राग यायला हवा होता, पण आत सगळं बधिर झालं होतं. डब्यात काय खाल्लं हेही आठवायचं नाही.

शिकवलं, पण अर्धंच. कास्टिंग आकड्याला टांगून ठोकावं लागतं. टेबलावर ठेवलं की चांगलंही बद्दच वाजतं. हे मी सांगितलं नाही. साखळीचा आकडा काढून पिशवीत टाकला. भाचा टेबलावर ठोकत राहिला, चांगला माल भंगारात टाकत राहिला आणि मामाच्या शिव्या खात राहिला. मला त्याचा आनंदही झाला नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट आमच्या बाकापर्यंत आलं आणि माझा हात आखडला. भाच्यानं माझं काय बिघडवलं होतं? प्रभूनं आपल्यावरचा अन्याय दुसऱ्या कुणावर काढला नाही. मी काढत होतो, तोही गप्प बसून. असं मनात ठेवून ती भाकर घ्यायची नसते, म्हणून ताट तसंच पुढं दिलं.

सोमवारी आकडा घेऊन भाच्याकडं गेलो. तो साखळीला अडकवून कास्टिंग टांगलं आणि ठोकलं, ते बराच वेळ घुमलं. हे मुद्दाम लपवलं होतं, असं त्याला सांगून टाकलं. आता हा साहेबांकडं जाणार आणि माझी नोकरी जाणार, असं धरूनच चाललो होतो. तो खाली बसला.

"काका, मला वाटलं माझेच कान गेलेत," तो म्हणाला. "औरंगपुऱ्यात डाक्टरला दाखवलं. चांगले हायेत म्हनला, तरी मला पटंना. घरी लेकीला एकच गोष्ट चार चारदा बोलाया लावायचो."

त्यानं साहेबांना काही सांगितलं नाही. मी आकडा साखळीला तसाच ठेवून पॅकिंगला परत गेलो. पेट्या बांधता बांधता मला रडू आलं. जागा गेली त्या दिवशीही आलं नव्हतं.