नऊ घोंगडी आणि क्राकूवची वाट

अक्का क्राकूवला कधीच गेली नाही. हे आधीच सांगून टाकते. कारण ही गोष्ट काढली की ऐकणारा शेवटी हमखास विचारतो, "मग गेल्या का त्या?" आणि नाही म्हटलं की हसतो. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

अक्का म्हणजे माझी नणंद, आमच्या मालकांची थोरली बहीण. बीदरजवळच्या एका गावात दिली होती. नवरा पटकीत गेला, तशी ती संतपूरला भावाच्या घरी परत आली. मी लग्न होऊन त्या घरात निघाले तेव्हा माहेरच्या बायकांनी बजावलं होतं, नणंद म्हणजे विंचू, जपून राहा. माझ्या नणंदेला नांगी होती, पण ती माझ्यासाठी नव्हती.

आम्ही धनगर. मेंढरं सासऱ्यांच्या काळातच कमी झाली होती. उरली थोडी ज्वारीची जमीन आणि घरातला माग. आमच्यात लोकर कातायची बायकांनी आणि घोंगडं विणायचं पुरुषांनी. बाईनं मागावर बसायचं नाही. का, म्हणून मी आल्या वर्षीच विचारलं होतं. "न्हाई बसत," एवढंच उत्तर मिळालं. माझे वडील उदगीरच्या शाळेत चपराशी होते, त्यामुळे मी चार इयत्ता शिकलेली, मराठी आणि उर्दू दोन्ही लिहू शकत होते. त्या घरात तेवढीच माझी किंमत होती, आणि ती फक्त अक्काला कळली होती.

मोठी लढाई चालू होती त्या दिवसांत आम्ही तिघं कोल्हापूरकडे पट्टणकोडोलीला बिरोबाच्या जत्रेला गेलो. आमच्याकडून पुष्कळ धनगर जातात. सोबत विकायला घोंगडी नेली होती, त्यातली चार उरली. कुणीतरी सांगितलं, जवळच पोलंडच्या लोकांची छावणी आहे, लढाईत देश गेलेली माणसं आहेत, घेतली तर घेतील. मालक कुरकुरत निघाले, आम्ही मागे.

लांबच लांब कौलारू घरं, भिंती चटईच्या. दारात गोऱ्या बायका कपडे वाळत घालत होत्या. मी गोरी बाई कपडे धुताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. त्यातल्या एकीनं आमचं घोंगडं हातात घेतलं, नाकाला लावलं आणि डोळे मिटून तशीच उभी राहिली. तिची दहा-बारा वर्षांची मुलगी चक्क कोल्हापुरी बोलत होती, आमच्यापेक्षा ठसक्यात. "आई म्हनत्या, आमच्या आज्जाचीबी मेंढरं हुती. डोंगरात."

झालं. अक्का तिथंच फतकल मारून बसली. त्या दोघी लोकरीवर बोलल्या. कातायची चाती कशी धरता, कातरण कोणत्या महिन्यात, काळी मेंढी जास्त की पांढरी. मुलगी मध्ये बसून इकडचं तिकडे करत होती. मग त्या बाईनं काडी घेतली आणि धुळीत आपलं शहर काढलं. क्राकूव. मधोमध मोठा चौक, एका कोपऱ्यात देऊळ, त्याचे दोन मनोरे, एक उंच, एक बुटका. टेकडीवर राजाचा किल्ला, खाली नदी. आणि चौकाच्या बरोबर मध्यावर एक लांबलचक दगडी इमारत, कमानी कमानींची. तो कापडाचा बाजार, मुलीनं सांगितलं, शेकडो वर्षांचा जुना.

"तिथं घोंगडंवाले कुठं बसतात?" अक्कानं विचारलं.

मुलीनं आईला विचारलं. आईला आधी प्रश्नच समजला नाही. मग म्हणाली, आतच. सगळे आतच बसतात.

आमच्याकडच्या बाजारात कापडवाल्यांना ओटे असत, वर पत्रा असे. घोंगडंवाले बाजाराच्या टोकाला, बैलांच्या शेजारी, उन्हात. पाऊस आला की स्वतःचाच माल डोक्यावर घ्यायचा. अक्का त्या धुळीतल्या कमानींकडे बराच वेळ बघत राहिली.

निघताना त्या बाईनं पावाचा तुकडा मोडला, त्यावर चिमूटभर मीठ घातलं आणि अक्काच्या हातावर ठेवला. मुलगी म्हणाली, "आमच्यात पाव्हण्याला असं देत्यात. आई म्हनत्या, लडाई संपली की आमच्या गावाला बगाय या." मालकांनी डोळे वटारले. परधर्माच्या हातचं. अक्कानं तो तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावून खाल्ला आणि म्हणाली, "येते."

आमच्यात 'येते' म्हणणं सोपं नाही. बोलावणं धरलं की जावं लागतं, नाहीतर बोलावणाऱ्याचं घर खाली बघतं. त्यात मीठ खाल्लेलं. परतीच्या वाटेवर मालक बडबडत होते. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी अक्का मला म्हणाली, "पोरी, वाट काढायची."

मेंढरं घेऊन निघायचं असलं की आमची माणसं वाट कशी काढतात, ते तिला ठाऊक होतं. मुक्काम ठरवायचे. प्रत्येक मुक्कामाला पाणी कुठं, रान कुणाचं, बसू देणारा माणूस कोण. त्याला आधी सांगावा धाडायचा, सोबत काहीतरी वस्तू. मुक्कामागणिक लोकरीच्या दोरीला एक गाठ मारायची. अक्कानं क्राकूवची वाट अशीच काढायला घेतली. मी उदगीरला माहेरी गेले तेव्हा वडिलांच्या शाळेतला नकाशा बघून आले. उदगीर, लातूर, बार्शी, पुणे, मुंबई. पुढे जहाज. एडन, सुवेझ, मग इटलीतलं एखादं बंदर, आणि तिथून रेल्वेनं क्राकूव. नऊ गाठी पडल्या.

"एडनला पानी हाय का?"

"सगळीकडं समुद्रच हाय की, अक्का."

"ते मेंढरंबी पीत न्हाईत. गोडं पानी इचार."

कुणाला विचारणार होते मी? तरी लिहून ठेवलं. नऊ मुक्काम म्हणजे नऊ यजमान, म्हणून नऊ घोंगडी. एडनला उकाडा असतो, तिथं घोंगडं कोण घेईल, असं मी म्हणाले, तर तिनं मला वेड्यात काढलं. घोंगडं पांघरायलाच लागतं असं कुणी सांगितलं, बसायलाही लागतं.

तिनं भावाला नऊ घोंगडी विणायला सांगितली. मालक आधी हसले, मग चिडले. "येड लागलं का तुला? कशाला जायलीस? कोन हाय तिथं आपलं?"

"बघायला जायलेय."

"काय बघायला?"

"शहर."

त्यांनी हात जोडले आणि साफ नाही म्हणाले. मला अजून आठवतं, अक्का चुलीपाशी गेली, हात धुतले, पदर खोचला आणि मागावर जाऊन बसली. चिंचोक्याची खळ दिलेला ताणा तयारच होता. मालक दारात थिजून उभे राहिले. मी आत जाऊन भाकऱ्या थापत राहिले, पण खरं सांगते, मला इतका आनंद झाला होता की दोन भाकऱ्या करपल्या.

चार दिवसांत जातीतले दोन कारभारी ओट्यावर येऊन बसले. बाईमाणूस मागावर बसलं, बिरोबा कोपेल, गावावर संकट येईल. अक्का आतूनच बोलली, माग थांबवला नाही.

"बिरोबाच्या जत्रंत मला बोलावणं आलंय. कोपायचंच असतं तर देव तिथंच कोपला असता. हितवर कामून वाट बघंल?"

कारभारी चहा पिऊन गेले. पहिलं घोंगडं वाकडंतिकडं झालं, एक काठ चार बोटं कमी. तिनं ते उसवलं आणि पुन्हा विणलं.

बाहेर देशी जायचं तर सरकारचा कागद लागतो, हे मीच कुठंतरी ऐकलं होतं. निजामाच्या राज्यात कचेरीचं काम उर्दूत चाले, म्हणून मी उर्दूत दरखास्त लिहिली आणि आम्ही दोघी बाजाराच्या गाडीनं तालुक्याच्या कचेरीत गेलो. कारकुनानं कागद वाचला, परत वाचला, चष्मा काढला.

"कायकू जाते?"

"देखने," अक्का म्हणाली.

"घूमनेकू? तुम?" तो हसला. शेजारचे दोघं हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अक्का हसली नाही. तिनं त्याला एक गोष्ट सांगितली, तिच्या मोडक्या दखनीत. लग्नानंतर ती बीदरच्या किल्ल्याखाली मेंढरं चारायची. तिथं साहेब येत, मडमा येत. एकदा एक मडम छत्रीखाली बसून किल्ल्याचं चित्र काढत होती. तिनं माणूस पाठवून अक्काला सांगितलं, बाजूला हो, तुझी मेंढरं चित्रात येतात. अक्का बाजूला झाली. वर त्या माणसाला पाणी पाजलं.

"उनकू कोन पूछा, कायकू आये? हमारा किल्ला वो देखते. हम उनका देखेंगे."

कारकुनानं चष्मा परत चढवला. मग, वाईट माणूस नव्हता तो, हळूच म्हणाला की बाईच्या दरखास्तीवर घरच्या मर्दाची सही लागते. सही आणा, कागद पुढे पाठवतो. अक्कानं कागद घडी करून चोळीत ठेवला. मालकांनी सही केली नाही. अंगठासुद्धा दिला नाही. गावात अक्काला 'क्राकूववाली' असं नाव पडलं. विहिरीवर गेलं की बाया विचारत, "काय गं, कधी निघायली तुमची सवारी?" मी एकीची घागर पाडली. चुकून नाही.

अक्का विणत राहिली. दोन वर्षांत आठ घोंगडी झाली. पहिली तीन तिनं रीतीप्रमाणे आधीच धाडली. एक उदगीरला माझ्या भावाकडे, एक लातूरच्या लोकरीच्या व्यापाऱ्याकडे, एक बार्शीच्या अलीकडे रान असलेल्या एका धनगराकडे. सोबत सांगावा, आम्ही येऊ तेव्हा पाणी आणि जागा द्या. तिघांनीही होकार धाडला. नववं घोंगडं मागावर चढलं. तेवढ्यात दिवस फिरले.

देश स्वतंत्र झाला, आमचं निजामाचं संस्थान मात्र झालं नाही. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. जवळची दोन गावं जळाली. एका सकाळी आमच्या शेजारचा पिंजारी, आयुष्यभर आमच्या ओट्यावर बसणारा मुसलमान म्हातारा, दारात येऊन म्हणाला, "निकल जाव. आज के आज." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कापूस घालायच्या गोणीत त्यानं आमच्यासाठी ज्वारी भरून आणली होती.

निघायचं, पण कुठं? ओट्यावर सात घरांची माणसं जमली. कुणी म्हणे दक्षिणेला, कुणी म्हणे जंगलात. पुरुष एकमेकांवर ओरडत होते. कारभारीही त्यात होते. अक्का आतून दोरी घेऊन आली आणि पहिली गाठ बोटात धरून म्हणाली, "उदगीर. पानी हाय, जागा हाय, सांगावा गेलेला हाय. चला."

कुणी हसलं नाही. सात घरांची माणसं तिच्यामागं निघाली. उदगीरला माझ्या भावानं गुरांचं वाडगं उघडून दिलं. लातूरच्या व्यापाऱ्यानं लोकरीच्या वखारीत दडवलं. तिसऱ्या मुक्कामाच्या धनगरानं रानात विहिरीपाशी उतरू दिलं, आणि त्याच्या खांद्यावर अक्काचं घोंगडं होतं. उरलेली पाच लेकरांच्या अंगावर आली. बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर. आम्ही पोचलो तेव्हा एकही माणूस कमी झालं नव्हतं. ज्या कारभाऱ्यानं बिरोबा कोपेल म्हटलं होतं, त्याचा नातू एडनसाठी विणलेल्या घोंगड्यात झोपला होता. हे मी त्याला मुद्दाम सांगितलं.

बार्शीला छावणी होती. तट्ट्यांच्या भिंती, लांबच लांब रांगा. अक्का उभी राहून बघत राहिली, मग मला म्हणाली, "तिचंबी असंच हुतं गं घर." टेबलापाशी एक तरुण कार्यकर्ता नावं लिहून घेत होता. अक्काची पाळी आली.

"कुठून आलात?"

"संतपूर."

"निर्वासित," तो लिहिता लिहिता पुटपुटला.

"ते लिव्हू नगं. मी क्राकूवला निघालेय. बघायला. ही तिसरी गाठ हाय."

त्यानं मान वर केली. उन्हानं बाईचं डोकं फिरलं असं त्याला वाटलं असणार. त्यानं मागे उभ्या असलेल्या मालकांकडे पाहिलं, घरचा पुरुष काय म्हणतो म्हणून. मालक धुळीनं माखलेले होते, दोन लेकरं खांद्यावर.

"लिव्हा," ते म्हणाले. "अक्का म्हनती तसंच लिव्हा. सही कुठं करू?"

आणि त्यांनी अंगठा उठवला.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही परतलो. घराचं छप्पर बसलं होतं. माग जागेवर होता, पण नवव्या घोंगड्याचा ताणा उंदरांनी खाल्ला होता. ती पोलंडची बाई कुठं गेली, आपल्या क्राकूवला पोचली की नाही, आम्हाला कधी कळलं नाही. ती छावणीही उठल्याचं ऐकलं. अक्काला खोकला लागला होता, मागावर बसायचं बळ उरलं नव्हतं. ती दारात बसून कातत होती.

मालकांनी छप्पर शाकारायच्या आधी माग साफ केला. नवा ताणा घातला. खळ दिली. मग मागावर बसले.

"अक्का," ते म्हणाले, "थंडी किती असती म्हनं तिकडं?"

अक्कानं चाती थांबवली नाही.

"लई," ती म्हणाली. "जाड सूत घे."