शेवटची ओळ त्याची

मासे तळल्याचा वास आला की येलदरीचं धरण डोळ्यांपुढं येतं. आम्ही तिघं मित्र तिथं काठावर बसून हायकू जुळवायचो. एकेकानं एकेक ओळ सांगायची, शेवटची मात्र नेहमी एकाचीच. त्या दुपारी मी म्हणालो, "जाळं वाळायलंय." दुसरा म्हणाला, "मासे गेले बाजाराला." तिसरा तळलेल्या माशांनी तेलकट झालेली बोटं बघत उठला. "थांबा, हात धुऊन येतो, मग सांगतो," म्हणत तो खडकाआड पाण्याकडं उतरला. वेळ लागला तसा दुसरा हसून म्हणाला, "ओळ जुळवायलाय." आम्ही निवांत बसून राहिलो. संध्याकाळी भोयांनी तेच वाळलेलं जाळं टाकून त्याला बाहेर काढलं. काठावर त्याच्या चपला तशाच होत्या. तिसरी ओळ मला तिथंच सुचली. अजून ती ओठांवर येते आणि मी तोंड मिटून घेतो. शेवटची ओळ त्याची आहे.