उन्हामागे सरकणाऱ्या घागरी

माझी मुलगी आता पन्नाशीला आली. मंगरूळपीरच्या दवाखान्यात ती जन्मली, तेव्हा ऐन थंडीत बाळंतिणींचं पाणी तापवणारी एक बाई तिथे होती. धुरकटलेल्या घागरी ती सकाळपासून उन्हामागे सरकवत राही आणि पाणी कोमट झाल्यावरच बंबात ओती. येरझाऱ्या घालून मी वैतागलो.

"आधीच पेटवा की बंब!"

"अर्धं काम ऊन करून राह्यलं, भाऊ. कपाशीच्या पऱ्हाट्यायचं जळण साऱ्यायले पुरलं पाह्यजे."

अखेर बादलीत विसण घालून तिने मला बोलावलं. "हात घालून पाहा. माह्या बोटायले आता चटका समजत नाही. लेकराले सोसंल काय?"

सकाळपासून घाई करणारा मी पाण्यात हात घालून उभा राहिलो. माझ्याने 'हो' म्हणवेना.