अप्पांना बसायची जागा

यंदा घाटनांदूरला एका शाळेच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी भाषण ठोकलं, महामारीनं समाजाला काय शिकवलं यावर. हात धुवायला शिकवलं, माणुसकी शिकवली, मरणापुढं सगळे सारखेच हे शिकवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढच्याच रांगेत बसले होते आणि माझं डोकं फिरलं होतं. सगळे सारखे कसे? आम्ही लिंगायत. आमच्याकडं गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवून माती देतात. माझ्या वडिलांना जाळलं.

अप्पांचं गावात किराणा दुकान होतं. आमच्यातलं कुणी गेलं की पहिलं बोलावणं त्यांना यायचं. देह ताठरायच्या आत मांडी घालून भिंतीशी टेकवून बसवावं लागतं, आणि ते काम अप्पांना नीट जमायचं. कपाळाला विभूती, गळ्यात हार, फुलांनी सजवलेल्या खुर्चीतून मिरवणूक, आणि मग खड्ड्यात पुन्हा तसंच मांडी घालून बसवायचं. जन्मभर गळ्यात बाळगलेलं छोटं इष्टलिंग शेवटी डाव्या तळहातावर ठेवायचं, वर बेलाचं पान, आणि माती लोटायची. गावातली कितीतरी माणसं अप्पांनी अशी बसवली. स्वतःची जागाही त्यांनी दाखवून ठेवली होती, शेतात विहिरीजवळ, आजोबांच्या शेजारी. दुकानात गिऱ्हाईक नसलं की त्या जागेवरून थट्टा करायचे. "जागा लई झ्याक हाय, थंडगार. तुमी या सावकाश, मला काय घाई न्हाई."

दुसऱ्या लाटेत त्यांना दम लागला तेव्हा भावानं त्यांना अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. मी सासरी, युसूफ वडगावला अडकलेली. आतल्या धावपळीत वस्तू हरवतात म्हणून दारातच सगळ्यांच्या अंगावरचं काढून ठेवायला सांगत होते. अप्पांनी लिंगाची चांदीची डबी स्वतःच्या हातानं गळ्यातून काढली आणि भावाला दिली. "हारपायला नगं. घरी देवघरात ठिव," म्हणाले. सगळ्यांना वाटलं, बरं झालं, शहाणपणा केला. पण डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा केल्याशिवाय अप्पा पाण्याचा घोटही घेत नाहीत, हे त्या घाईत कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मग भावालाही ताप आला आणि त्यानं दवाखान्यात माझा फोन नंबर दिला. एका सकाळी तिथल्या सिस्टरचा फोन आला. "ताई, तुमचे वडील जेवत न्हाईत. का म्हून, ते सांगत बी न्हाईत. तुमाला काय ठावं हाय का?" मी रडत रडत तिला सगळं सांगितलं. डबी पोचवायला कुणी मिळेना. जो तो आपापल्या दाराला कडी लावून बसलेला. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. "जेवले बघा. उठून बसले, डावा हात पुढं धरला आन् रिकाम्या तळहाताकडं लई येळ बघितलं. मंग म्हणले, आण आता."

त्या बाईचा चेहराही मी कधी पाहिला नाही. तिला आमचा धर्म माहीत नव्हता, पण म्हातारा जेवत का नाही हे तिनं विचारलं. समाजानं शिकायचं असेल तर हे शिकावं. आजारी माणूस दारातून आत चालला की त्याला विचारावं, बाबा, तुझं कशावाचून अडतं? विचारायला काही औषध लागत नाही, यंत्र लागत नाही.

त्याच आठवड्यात अप्पा गेले. जन्मभर दुसऱ्यांना बसवणारा माणूस प्लास्टिकात गुंडाळून आडवा नेला आणि इतरांबरोबर आगीत दिला. तिथल्या माणसांना मी दोष देत नाही. कुणीच करायला धजत नव्हतं ते ती बिचारी माणसं भर उन्हात करत होती. माझा राग आमच्याच माणसांवर आहे. अप्पांना माती देता येईल का, कुणाला भेटावं, हे विचारायला भावानं तापातच समाजातल्या एका मोठ्या माणसाला फोन लावला. ते म्हणाले, "आता जाळलं काय आन् पुरलं काय. तू सोताचं बघ." त्यांच्या वडिलांना अप्पांनी स्वतः बसवलं होतं, अख्खा दिवस उपाशी राहून.

डबी देवघरातच राहिली. आई रोज सकाळी दोन लिंगांची पूजा करायला लागली, आधी त्यांचं, मग तिचं. लोक पुन्हा घरी यायला लागले तेव्हा सल्लेही यायला लागले. कुणी म्हणालं, नदीत सोडून द्या. आई म्हणाली, "त्यांला पवता येत न्हवतं." आम्हाला हसू आलं. भाऊ म्हणाला, विहिरीजवळच्या जागेत डबी तरी पुरू. त्यालाही ती तयार होईना. "नुसतं मातीत कसं घालू? त्याला तळहात लागतो," म्हणायची. रोज पूजा झाली की डबी पुसून ठेवायची आणि मी माहेरी असले की विचारायची, "यांचं आता काय करावं गं?" त्या प्रश्नानं ती आतून झिजत गेली, हे मला दिसत होतं.

मागच्या उन्हाळ्यात आई गेली, म्हातारपणानं, घरात, माणसांत. या वेळी गाव लोटलं. समाजातले ते मोठे गृहस्थही आले आणि फुलांच्या खुर्चीला खांदा द्यायला पुढं झाले. मी त्यांच्याशी बोलले नाही, अजून बोलत नाही. विहिरीजवळ, अप्पांनी दाखवून ठेवलेल्या जागेत आईला बसवलं. जंगम स्वामींनी तिचं लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं, वर बेलाचं पान ठेवलं. मग मी खड्ड्यात उतरले, अप्पांची डबी उघडली आणि त्यांचं लिंग आईच्या उजव्या तळहातावर ठेवलं.

स्वामी हळूच म्हणाले, "असं करत न्हाईत, बाई."

मी म्हणाले, "जाळत बी न्हाईत."

स्वामी वाकले आणि आईच्या उजव्या हातावरही त्यांनी बेलाचं पान ठेवलं.