रुतलेला दोर

समुद्र मी अजून पाह्यला नाही. तरी गेल्या उन्हाळ्यात मी समुद्रातल्या डॉल्फिनांची इंटर्न होते, तेही यवतमाळात, भाड्याच्या खोलीत, कूलरसमोर बसून. जिथं नळ कधी येईल याचा भरवसा नाही, तिथं बसून ही पोरगी समुद्राची राखण करते, यावर घरमालकीण काकू पोट धरून हसायच्या. हसू द्या म्हटलं. काम बिनपगारी होतं, पण एमएस्सीच्या अभ्यासापेक्षा मी ते मन लावून करायची.

कोकणातल्या एका संस्थेची बोट समुद्रात जायची आणि डॉल्फिन श्वास घ्यायला वर आले की फोटो काढायची. ते फोटो आम्हा इंटर्नांकडे यायचे. डॉल्फिनच्या पाठीवर तिकोनी पर असतो. भांडणात दात लागून, कुठं घासून त्याची मागची कड फाटते, खाचा पडतात. त्या खाचा जुळवायच्या आणि हा कोणता डॉल्फिन ते सांगायचं. नावं नव्हती, नंबर होते. आमचं काम पाहणारी ताई तिकडं किनाऱ्यावर राहायची. तिची शिस्त कडक होती. फोटो कापून फक्त पर ठेवायचा. पाणी, ऊन, शेजारचं पिल्लू, सगळं काढून टाकायचं, नाहीतर डोळा फसतो. हे मला पटलं होतं.

एकोणीस नंबरच्या मादीवर माझा जीव जडला, कारण तिला नुकतंच पिल्लू झालं होतं. माझी आई बाभुळगावकडं आमच्या शेतावर राहते, संध्याकाळी फोन करते. तिच्या लेखी डॉल्फिन म्हणजे मासोळी. एकदा मी चिडून सांगितलं की मासोळी नाही, तिला पान्हा फुटतो, ती पिल्लाला पाजते. झालं! त्या दिवसापासून माझ्या जेवणाखाण्याची चौकशी मागं पडली आणि आधी त्या मायलेकरांची होऊ लागली.

होळीनंतर एकोणीस नंबर दिसेनाशी झाली. बोटीच्या एकाही फेरीत तिचा पर सापडेना. आई म्हणे, माहेरी गेली असंन. मीही हसले, पण खटकत होतं. त्याच दिवसांत एक नवा डॉल्फिन दिसला. पराच्या पुढच्या बाजूला, बुडाशी, खोल चीर होती. अशी चीर आमच्या कुठल्याच जुन्या फोटोत नव्हती. दुसऱ्या एका इंटर्नने त्याला नवा नंबर दिला, चौसष्ट. नियमाने तेच बरोबर होतं. मी असते तरी तेच केलं असतं.

नवतपा लागला होता, मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, लाइन गेलेली, कूलर बंद, लॅपटॉप हाताला चटके देत होता. चौसष्ट नंबरचे फोटो पुन्हा तपासायचे होते आणि माझं डोकं आधीच तापलेलं. वैतागून मी ताईची शिस्त बाजूला ठेवली आणि न कापलेले, मूळ फोटो उघडले. पहिल्याच फोटोत कुशीला लागून पिल्लू होतं, म्हणजे ही मादी. आणि पराच्या बुडाशी, अगदी चिरेत, काहीतरी हिरवं दिसत होतं.

मी फोटो मोठा केला. जाळ्याचा नायलॉनचा दोर होता. मग मागची कड पाह्यली. चिरेमुळं सगळा पर वाकडा झाला होता, पण वरच्या दोन खाचा माझ्या ओळखीच्या होत्या. ती चौसष्ट नव्हतीच. ती एकोणीसच होती. ती कुठंही गेली नव्हती, रोज बोटीसमोर येत होती, आणि दोर तिचा पर कापत होता म्हणून आम्ही तिला दुसरीच समजून बसलो होतो.

मी एकोणीसचे शेवटचे आणि चौसष्टचे सगळे मूळ फोटो तारखेनं लावले. आधी दोर सैल, पाण्यावर तरंगणारा. पुढं ताठ. त्याच्या पुढं नुसती टोकं दिसतात, मधला दोर मांसात गेलेला. हे मला नवं नव्हतं. आमच्या गोठ्यात एका गोऱ्ह्याच्या गळ्यातलं दावं सैल करायचं राहून गेलं होतं. जनावर वाढत गेलं आणि दावं आत रुतत गेलं. वास यायला लागला तेव्हा घरच्यांना समजलं. तो वास आठवला आणि मी भर उन्हात खोलीची खिडकी उघडली.

ताईला फोटो पाठवले आणि फोन केला. तिनं सगळे फोटो पुन्हा एकदा तारखेनं पाहिले. मग म्हणाली की पाण्यातल्या डॉल्फिनला असं धरून दोर कापता येत नाही. वनखात्याची परवानगी लागते, डॉक्टर लागतो आणि समुद्र शांत लागतो. तिकडं वारा सुटला होता, लाटा वाढल्या होत्या. पावसाळ्यात होड्या समुद्रात जात नाहीत, त्यामुळं लोक त्या वर ओढून झापांनी शाकारायला लागले होते. मी म्हटलं, ताई, पिल्लू अजून दूध पितंय.

"मला दिसतंय गं," ती म्हणाली. "पण खवळलेल्या पाण्यात पाठलाग केला तर तिला दमवून आपणच मारू."

तेव्हापासून मी यवतमाळात बसून कोकणातला वारा पाहायला लागले. मोबाइलवर लाटांचा अंदाज यायचा आणि रोज वाईटच यायचा. इथं पान हलत नव्हतं, आणि तिथं वारा थांबावा म्हणून माझा जीव टांगणीला लागलेला. आईला सगळं सांगितलं. तिनं हळद भरा म्हटलं, मग स्वतःच म्हणाली, पान्यात कायची हळद टिकते. देवासमोर दिवा लावला म्हणाली. मी एरवी अशावर वाद घालते. या वेळी नाही घातला.

शेवटी एक सकाळ जरा निवांत मिळाली. परवानगी आली होती, डॉक्टरही बोटीत होता. मी दिवसभर फोन हातातून सोडला नाही. संध्याकाळी ताईचा निरोप आला की कळप भेटला, ती दिसली नाही, फोटो पाठवते, तू नीट बघ. दुसऱ्या दिवसापासून पावसाळ्यासाठी होड्या बंद झाल्या.

मी एकही फोटो न कापता पाह्यला. मोठ्या माद्या सगळ्या ओळखीच्या होत्या, एकोणीस त्यांत नव्हती. कळपात तीन लहान पिल्लं होती. तिघांचेही पर कोरे. लहान पिल्लाच्या परावर खाच नसते. कोणत्या मादीच्या कुशीला आहे, त्यावरून ते कोणाचं हे ठरतं. आणि ही तिघं एकमेकांजवळ पोहत होती, कोणत्याच मोठ्या मादीला चिकटून नव्हती.

तेवढ्यात आईचा फोन आला. "भेटली का वं?"

मी नाही म्हटलं.

"अन् लेकरू?"

मी सांगितलं, "लेकरं दिसली, आई. पण तिचं कोणतं ते सांगता येत नाही. माय सोबत असली तरच समजते."

"मंग आता थे कोनाचंच नाही म्हना," आई म्हणाली, आणि तिनंच फोन ठेवला.

तिन्ही पिल्लांसमोर मला एकच शेरा लिहायचा होता, "ओळख नाही". दोघांसमोर लिहिला. तिसऱ्याला मला रडू आवरेना.