जमाकरांचे ऐंशी किलोमीटर

जमाकरांच्या सुनेची बस चालवण्याची चाचणी सकाळी अकरा वाजता मुख्य डेपोत होती, आणि तिला तिथे नेऊन पोचवण्याचं काम जमाकरांनी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. खरं म्हणजे तिथेच आम्ही सगळ्यांनी कपाळाला हात लावायला हवा होता.

जमाकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते त्यांना आमच्या डेपोतल्या ड्रायव्हरांनी बहाल केलं, आणि असं चपखल बसलं की पुढे पोस्टमनसुद्धा त्याच नावाने घर विचारायला लागला. या माणसाने उभी हयात बस डेपोच्या स्टोअरमध्ये काढली. खिडकीला जाळी, जाळीत हात जाईल एवढं भोक, आणि भोकातून बाहेर येणारं एकच वाक्य: "जुना जमा कर." जुना टायर जमा केल्याशिवाय नवा मिळणार नाही. नियम मुळात वाईट नव्हता. चोऱ्या होऊ नयेत म्हणून कुणीतरी केला होता. पण चढावर टायर फुटून त्याच्या चिंध्या झाल्या तरी जमाकर म्हणायचे, "मग चिंध्या जमा कर." मग ड्रायव्हर-कंडक्टर पोतं घेऊन मैलभर मागे चालत जायचे, रस्त्यावरून रबराचे तुकडे वेचायचे, आणि आम्ही प्रवासी बसच्या सावलीत बसून सरकारला शिव्या घालायचो. पोतं खिडकीशी आलं की जमाकर हात घालून चाचपायचे. "हे अर्धंच आहे. बाकीचा कुठाय?"

आत फळीवर नवे टायर रचलेले असायचे. पडून पडून त्यांना तडे गेले आणि ते भंगारात निघाले. रस्ता न बघताच म्हातारे झाले बिचारे. डेपोच्या बसगाड्या मात्र स्टेपनीवाचून धावायच्या. अख्ख्या मार्गावर मिळून एकच धड स्टेपनी होती, तिला ड्रायव्हर लोक 'पाहुणा' म्हणत. जाणाऱ्या बसला गरज पडली की येणाऱ्या बसमधून पाहुणा उतरायचा, काम झालं की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मुक्कामाला, तिथून तिसऱ्या बसमध्ये. पाहुणा आज कुणाकडे आहे हे आम्हा रोजच्या प्रवाशांनाही ठाऊक असायचं. नसला की आम्ही जरा धरूनच बसायचो.

मी प्रवासी संघटनेचं काम करते. त्या जाळीच्या खिडकीशी मी इतक्या वेळा भांडले आहे की जमाकर निवृत्त झाले तेव्हा मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. पण चैन कुठली? त्यांचं घर माझ्या घरासमोरच.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एका दाताच्या डॉक्टरकडून जुनी मोटार घेतली. मोठी, काळी, दार लावलं तर तिजोरी लावल्यासारखा आवाज येणारी. तिचे टायर म्हणे हवा गेली तरी चालतात. टायरची भिंतच अशी जाड की आतली हवा संपली तरी गाडी तिच्यावर तोलून धावते. ऐंशी किलोमीटर, ऐंशीच्या आतल्या वेगाने. त्यामुळे कंपनीने स्टेपनी दिलेलीच नव्हती. घरी कुणीही आलं, अगदी दूधवाला आला तरी जमाकर मागची डिकी उघडून दाखवायचे.

"बघा. स्टेपनी ठेवायला जागाच नाही. गरजच नाही!"

दुसऱ्याच्या गाडीला जन्मभर स्टेपनी न देणारा माणूस आता स्वतःच्या गाडीला स्टेपनी नाही म्हणून छाती फुगवत होता. निदान तत्त्वाला जागला म्हणायचा.

त्यांची सून माहेरी वडिलांचा टेंपो चालवत वाढलेली. अवजड गाडीचं लायसन लग्नाआधीच काढलेलं. लग्नानंतर तिच्या हाती आलं ते मिक्सरचं बटण. नवरा चांगला, पण बापासमोर त्याची बत्ती गुल. यंदा ड्रायव्हरांची भरती निघाली, बायकांनाही घेणार होते. वयाच्या अटीत ती यंदा कशीबशी बसत होती, पुढच्या वर्षी बसणार नव्हती. म्हणजे हीच एक संधी. अकराला गेट बंद, उशिरा येणाऱ्याचं नाव कटलं.

ती सकाळच्या बसने जाणार होती. मला म्हणाली, "मावशी, तुम्ही पण चला. तिथे कुणी वाकडं बोललं तर तुम्ही लागता."

"सरळ बोललं तरी मी लागते," मी म्हटलं.

जमाकर मध्ये पडले. "बसने? त्या वाटेत बंद पडतात."

"का पडतात बरं, साहेब?" मी विचारलं.

"डेपोत शिस्त राहिली नाही, बाई. मी आहे ना, मी सोडतो."

ऐका! अंधार उठून दिव्याची तक्रार करत होता. सुनेच्या नोकरीचं त्यांना फार कौतुक होतं असंही नाही. "बाईच्या हातात बस म्हणजे माकडाच्या हातात कोलीत," हे त्यांनी जेवताना ऐकवलेलंच होतं. त्यांना हवं होतं ते एवढंच, की काळ्या मोटारीतून मुख्य डेपोच्या गेटातून आत शिरावं आणि सगळ्या ड्रायव्हरांनी ते बघावं.

तर निघालो. ते चालवत होते, सून शेजारी, मी मागे. गाव सुटलं आणि थोड्या वेळाने सुनेने कान टवकारले. मला काहीच ऐकू येत नव्हतं, पण ती दाराकडे झुकली, मग समोरच्या काट्यांकडे बघत बसली. तिथे एका जागी काळी चिकटपट्टी लावलेली होती.

"बाबा, ही पट्टी कसली?"

"काही नाही. एक पिवळा दिवा सारखा डोळ्यांत जातो."

तिने नखाने पट्टी खरवडून काढली. खाली दिवा ढणढणत होता.

"हा हवेचा दिवा आहे. कधीपासून पेटलाय?"

"अगं, घाबरू नकोस. मागचा डावा आहे. त्याचे ऐंशी शिल्लक आहेत अजून."

'शिल्लक आहे' हे शब्द या माणसाच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकले.

मग हिशेब बाहेर आला. गेल्या महिन्यात त्या टायरात खिळा गेला. जमाकर तसेच मावसभावाकडे जाऊन आले. आल्यावर पंक्चरवाल्याने सांगितलं की हा टायर आतून भाजून निघालाय, बदला. जमाकरांनी अंगठ्याने दाबून बघितला, अगदी स्टोअरमध्ये बघायचे तसा, आणि म्हणाले, "धडधाकट आहे." खिळ्याच्या जागी रबराची बत्ती ठोकून घेतली, हवा भरली. चार दिवसांनी हवा पुन्हा गेली, पुन्हा तसेच फिरले, पुन्हा भरली.

"हवा भरली की ऐंशी परत पहिल्यापासून," ते सुनेला समजावत होते. "काल संध्याकाळीच भरलीय. इथून डेपो साठ. म्हणजे पोचून वर वीस उरतात."

"म्हणजे मोडलेल्या पायाला पट्टी बांधली की पाय नवा?"

"पायाचं वेगळं. हे परदेशी तंत्र आहे."

"बाबा, मला द्या चालवायला. हळू नेते, निदान पुढच्या बस थांब्यापर्यंत."

"माझी गाडी?" जमाकर असे दचकले, जणू तिने त्यांची कवळी मागितली. "ही काही तुझा टेंपो नाही."

ही बाई दोन तासांनी एवढी थोरली बस चालवून दाखवणार होती. पण सासऱ्याची मोटार? शिव शिव! माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "साहेब, वेग तरी कमी करा." ते म्हणाले, "ऐंशीची परवानगी आहे, मी अठ्ठ्याहत्तरवर आहे." नियमाच्या काठावर बोट ठेवून चालणारा माणूस, तो खड्ड्यातसुद्धा नियमानेच पडतो.

आणि पडला. आधी करपल्याचा वास आला. मग मागून फटाक-फटाक, जणू कुणी ओल्या चपलेने गाडीला बडवतंय. मग खरड्डड् करून गाडी लोखंडावर बसली. मागच्या काचेतून मला टायरचा एक लांबलचक पट्टा रस्त्यावर सापासारखा वळवळत जाताना दिसला.

उतरलो. चाकावर टायर नावालाही नव्हता, नुसती झालर. जमाकरांनी सवयीने डिकी उघडली. आत दोन घडीच्या खुर्च्या, एक छत्री आणि पाण्याचा कॅन. स्टेपनी नाही, जॅक नाही. चाकच नाही तर जॅक कशाला?

त्यांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. आधी गाणं वाजलं. मग एका गोड मुलीने सांगितलं की गाडी उचलून न्यायला माणूस दुपारनंतर येईल. टायर? "सॉरी सर, या मापाचा टायर सध्या शिल्लक नाही."

मी हसले. मला माहीत आहे, सुनेचं आयुष्य टांगणीला लागलेलं असताना हसू नये. पण काही हसणी माणसाने कमावलेली असतात.

सून हसत नव्हती. तिने घड्याळ बघितलं, पदर खोचला आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. लांबून आमच्याच डेपोची बस येत होती. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, खिडकीतून डोकं काढलं आणि पहिली शिवी अर्ध्यातच गिळली. त्याला ती काळी मोटार दिसली. आणि तिच्याशेजारी जमाकर.

हा जुना ड्रायव्हर. भर उन्हात याच रस्त्यावर दोनदा पोतं घेऊन फिरलेला.

"काय साहेब," तो अगदी प्रेमाने म्हणाला, "काही मदत?"

"स्टेपनी असेल तर..." जमाकरांच्या तोंडून निघून गेलं. माणूस गोंधळला की कुणाकडे काय मागतोय हेही विसरतो.

"असती तरी तुमच्या गाडीला बसली नसती. आणि बसली असती तरी आज आमच्याकडे नाही. पाहुणा काल दुसऱ्या बसबरोबर गेला." मग तो सुनेकडे वळला. "तुम्ही कुठे, ताई?"

"चाचणी आहे. अकराला गेट बंद होतं."

"मग बघत काय उभ्या राहिलात? चढा!"

आम्ही चढलो. जमाकर मोटार सोडून येऊ शकत नव्हते. बस सुटताना ड्रायव्हर ओरडला, "साहेब, जुना मात्र गोळा करून ठेवा हं!" सगळी बस हसली. मागे बघितलं तर जमाकर घडीची खुर्ची उघडत होते.

आता आमच्या बसलाही स्टेपनी नव्हती. प्रत्येक खड्ड्याला सुनेचा पाय आपोआप दाबला जात होता, जणू ब्रेक तिच्याच पायाखाली आहे. बाजाराच्या चौकात गर्दी लागली. डेपोजवळ आलो तेव्हा गेटवरचा माणूस एक फाटक लावून दुसऱ्याला हात घालत होता. ड्रायव्हरने हॉर्नवर तळहात ठेवला आणि बसचं नाक सरळ फाटकात घुसवलं.

"अरे, वेळ संपली! चाचणी चालू झालीय!" गेटवाला ओरडला.

"मी कुठे चाचणीला आलोय? गाडी डेपोची आहे, डेपोत नाही तर काय तुझ्या घरी लावू?"

तोवर सून मागच्या दाराने उतरून आत पळालीही होती.

तिने ड्रमांच्या मधून बस मागे घेतली, वळवली, चढावर थांबवून पुन्हा उचलली. एक ड्रम हलला, पडला नाही. मग चाचणी घेणाऱ्या साहेबाने तोंडी प्रश्न विचारला, "वाटेत पंक्चर झालं, स्टेपनी नाही. काय कराल?"

"मागच्या जोडीतला एखादा गेला असेल तर माणसं उतरवून रिकामी बस हळूहळू पुढच्या थांब्यापर्यंत नेईन. पुढचा गेला तर जागचीही हलवणार नाही. पण साहेब, मी स्टेपनीशिवाय गाडी बाहेरच काढणार नाही."

साहेब कागदावरून मान वर न काढता म्हणाला, "मग तुम्ही गाडी कधीच बाहेर काढणार नाही."

माझ्या तोंडाशी पाच-सहा उत्तरं आली होती. सुनेने माझा हात दाबला, म्हणून साहेब वाचला. नाव यादीत लागलं. सून पास.

संध्याकाळी जमाकर घरी आले ते खांद्यावर पोतं टाकून. धुळीने माखलेले, पँटला काटे. टायरच्या दुकानाने फोनवर सांगितलं होतं म्हणे की टायर वॉरंटीत बसतो का ते बघू, पण जुना आणून दाखवा. मोटार उचलून न्यायला आलेल्या माणसाने तुकडे वेचायला नकार दिला, म्हणून जमाकर स्वतः दुपारभर उन्हात मैल-दोन मैल मागे चालले होते. सून पास झाल्याचं ऐकून ते "हं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. दुकानदाराने पोत्यात हात घातला.

"हा अर्धाच आहे, काका. बाकीचा कुठाय?"

जमाकर माझ्या दारात येऊन तासभर बरसले. हा कुठला नियम? फुटलेली वस्तू पुरी कशी आणायची? माणसांना काही किंमत आहे की नाही? तुमची ती संघटना करते काय? मी शांतपणे म्हटलं, "अर्ज द्या. जुना अर्ज असेल तर जमा करा." ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सुखाचे दिवस.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. सून कामावर रुजू झाली, त्याच्या दुसऱ्या सकाळी ती म्हणाली, "बाबा, बसला स्टेपनी नाही. स्टोअरवाला म्हणतो, जुनी जमा करा."

"बरोबर आहे त्याचं," जमाकर चहात बिस्किट बुडवत म्हणाले. "मीच तयार केलाय त्याला. नियम म्हणजे नियम."

"हो ना," सून म्हणाली आणि जाताना गॅलरीतलं ते तुकड्यांचं पोतं उचलून घेऊन गेली.

जाळीच्या खिडकीमागचा तो चेला गुरूपेक्षा आळशी निघाला. त्याने पोतं हाताने नुसतं तोललं, वर एक रबराचा तुकडा दिसला, तेवढ्यावर भागलं. मोटारीचा का बसचा, कोण बघतो? फळीवरचा नवाकोरा टायर पहिल्यांदाच तडे जायच्या आधी खाली उतरला. सुनेच्या बसला आज स्वतःची स्टेपनी आहे.

जमाकर अजून गॅलरीत पोतं शोधताहेत. दुकानदाराशी भांडायला त्यांना ते हवंय. काल मलाही विचारून गेले.

मी म्हटलं, "शिल्लक नाही, साहेब."