तीन पदरी उपरणं

गोठ्यात पाय टाकण्याआधी तात्या खांद्यावरचं उपरणं काढायचे, त्याच्या तीन घड्या करायचे आणि नाकातोंडावर आवळून मागे गाठ मारायचे. उपरणं रोजचं धुतलेलं, पांढरंशुभ्र. मग आत जाऊन चाळण उचलायचे. "काम कसं, आरशावानी पायजे!" हे वाक्य कापडाच्या आतून यायचं, म्हणून घोगरं ऐकू यायचं, त्यातला तोरा मात्र कापडात अडकत नसे.

नाव सांगत नाही. कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये ते सगळ्यांचेच तात्या होते. नव्वदच्या दशकात मी बारामतीत जनावरांच्या एका डॉक्टरांकडे केसपेपर लिहायला लागले, तेव्हाची ही ओळख. माझी शाळा इंग्रजी. कडब्याच्या बारीक तुकड्यांना कुट्टी म्हणतात हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. विचारायची लाज वाटली, म्हणून बघून शिकले. गप्प बसणाऱ्याला पुष्कळ दिसतं, हे तुम्हालाही माहीत असेल.

तात्यांकडे एक पांढरी घोडी होती. वरकुट्याच्या आबांनी आपली मेंढरं विकली, तेव्हा त्यांच्याकडून घेतलेली. शेतात तिचा काही उपयोग नव्हता. पण ट्रॅक्टर गावात अनेकांकडे होते, घोडी एकट्या तात्यांकडे. तिच्यासाठी त्यांनी पत्र्याचा गोठा बांधला, वारा लागू नये म्हणून खिडक्यांना खताची पोती ठोकली, खाली उसाच्या वाळक्या चिपाडाचा भुसा अंथरला. आणि दिवसातून तीनदा, तिच्या तोंडासमोर उभं राहून, ते कुट्टी चाळायचे. चारा स्वच्छ व्हायचा यात शंका नाही. त्यातली धूळ कुठे जाते, एवढंच त्यांना कधी सुचलं नाही. पत्र्याच्या भोकातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत ती मला दिसायची, घोडीच्या नाकपुड्यांकडे सरकताना.

घोडी खोकायची. दुसऱ्या वर्षी तर नुसती उभी असतानाही तिचं पोट भात्यासारखं हलायचं. श्वास जोर लावून बाहेर ढकलताना बरगड्यांमागे खोल रेघ उमटायची.

"श्वासनळ्या आतून सुजल्यात," डॉक्टरांनी सांगितलं. "धूळ गेली, बुरशी गेली, की सूज वाढते. इंजेक्शनने चार दिवस बरं वाटेल, पण ते खरं औषध नाही. चारा पाण्यात भिजवून घाला, हा भुसा काढा, तिला बाहेर बांधा. नाहीतर घोडी जाईल, तात्या."

"भाईर? वाऱ्यात? खोकला झालेल्याला?" तात्या माझ्याकडे बघून हसले. "आन् ओला चारा म्हंजी शिळंपाकं. आपल्या दारात न्हाय चालायचं."

पुढच्या खेपेला दारात भिजवलेल्या चाऱ्याची बादली होती. "बगा सायेब, तुमच्या शब्दाभाईर न्हाय आमी!" डॉक्टर खूश झाले. बादलीला आंबूस वास येत होता, वर माश्या बसल्या होत्या, आणि घोडीच्या पुढ्यात कोरडी कुट्टी होती. मी ते बघितलं. केसपेपरवर 'चारा भिजवून देतात' असं लिहिलं. त्याच्या पुढच्या खेपेलाही तीच बादली होती, आणि मीही तेच लिहिलं.

एकदा डॉक्टर औषधाची पेटी आणायला जीपकडे गेले, तेव्हा मी धीर केला.

"तात्या, तुम्ही तोंड का बांधता?"

"धूळ जाती की नाकात. मला सोसत न्हाय, पोरी."

"आणि हिला?"

तात्यांनी घोडीकडे नीट निरखून बघितलं. "हिचं नाक केवढं हाय बग की! हिला काय हुतंय?"

परत येताना जीपमध्ये मला फार छान छान उत्तरं सुचली.

तिसऱ्या वर्षी तात्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर धुळीत जाऊ नका, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकदाच सांगितलं आणि तात्या इंदापूरला लेकीच्या घरी जाऊन बसले. स्वतःच्या डोळ्यासाठी त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. घोडीसाठी आबांना बोलावणं गेलं. आबांनी पहिल्याच दिवशी तिला बाहेर काढून लिंबाखाली बांधलं.

"माज्याकडं आठ वर्सं हुती," ते मला म्हणाले. "पावसात, थंडीत, मेंढरामागं. एकडाव खोकली न्हाय बगा. हितं पत्र्याखाली आली आन् म्हातारी झाली."

ते चारा घमेल्यात बुडवायचे, निथळायचे, मग द्यायचे. महिना सरता सरता पोटाचा भाता मंदावला. जीप आली की घोडी कान टवकारायला लागली.

तात्या काळा चष्मा लावून परतले, त्या दिवशी आम्ही तिथेच होतो. "लागू पडली इंजेक्शनं! मी म्हनलंच हुतं!" लगेच उपरण्याच्या तीन घड्या, गाठ, आणि घोडीचं दावं हातात. "चल आत. लई उंडारलीस."

गोठ्याच्या दाराशी घोडीने पाय रोवले. तात्यांनी ओढलं, चुचकारलं, शिव्या दिल्या.

"नगा, तात्या," आबा म्हणाले. डॉक्टरही म्हणाले, राहू द्या. तात्या ऐकेनात. मग त्यांनी मला हाक मारली, कारण मी कुणाला नाही म्हणत नाही हे त्यांनीही ओळखलं होतं.

"ए पोरी, मागनं हाक तिला. नुसता हात दाव."

मी पुढे जाऊन दारात उभी राहिले. "नाही हाकणार. ती बादली नुसती दाखवायची होती, डॉक्टर. केसपेपरवर मी खोटं लिहिलंय." आवाज चिरका निघाला, पण आता निघालाच होता. "तात्या, आधी उपरणं सोडा. तोंड न बांधता आत जाऊन चाळून दाखवा. मग न्या तिला."

"डोळ्याचं आपरेशन झालंय माजं! धूळ कशी चालंल?"

आबांनी त्यांच्या हातातलं दावं हळूच घेतलं आणि घोडीला लिंबाखाली नेलं.

पुढे तात्या गावभर सांगत फिरले, "उगड्यावरची हवा हिला मानवती, हे पयलं मीच वळखलं." सांगोत बापडे. चाळण मात्र सुटली नाही. रिकाम्या गोठ्यात तोंड बांधून ते एकटेच कुट्टी चाळायचे, आणि मग बाहेर आणून घमेल्यात भिजवायचे. एकदा ते ओल्या हाताने घोडीचं कपाळ पुसताना मला दिसले. मला बघताच घमेलं सरळ करायला लागले.

दोन वर्षांनी ते अचानक गेले. त्यानंतर आठवड्याभरात आम्ही शेजारच्या म्हशीसाठी तिथे गेलो होतो. घोडी लिंबाखाली, तिच्यासाठी परत आलेल्या आबांच्या हातून खात होती, शांतपणे, पोट न हलवता. गोठा उघडाच होता. चाळण भिंतीला टेकलेली, खुंटीवर उपरणं, तीन घड्या तशाच. नाकाच्या जागी करडा गोल, रुपयाएवढा.

उपरणं रोज धुतलेलं असायचं. म्हणजे तो गोल एका दिवसाचा. घोडी तिथे तीन वर्षं उभी होती.